फ्रीबर्गची पन्नास मिनिटं: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

लॉस एंजेलिसमधला आमचा मराठी ज्येष्ठांचा गट महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. मार्चचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला आहे. पन्नास मिनिटं, विषय माझा मी ठरवायचा. मी स्टॅन फ्रीबर्ग म्हटलं, तर फोनवर काका म्हणाले, "हा कोण बुवा?"

हा याच शहरात ७ ऑगस्ट १९२६ ला जन्मला. वडील बाप्टिस्ट पाद्री. शाळा सुटल्या सुटल्या, १९४४ पासून कार्टूनपटांना आवाज द्यायला लागला. मग बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम, मग कॅपिटॉल कंपनीसाठी विनोदी तबकड्या, १९५७ मध्ये सीबीएस रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम, आणि त्यानंतर जाहिराती. त्यात एकवीस क्लिओ पारितोषिकं. गेला २०१५ मध्ये. या नोंदी यासाठी, की कुणाला आपल्या गटात असा जुना श्राव्य विनोद ऐकवायचा असेल तर माझ्या चुका तरी पुन्हा होऊ नयेत.

बेत असा: जुन्या तबकड्या मिळवायच्या, संगणकात उतरवायच्या, मध्ये मराठी निवेदन जोडायचं आणि नंतर सगळं नेटवर चढवायचं.

११ जानेवारी

सेकंडहँड तबकड्यांच्या दुकानात दोन तास. 'जॉन अँड मार्शा' (१९५१) ची ७८ ची (म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी ७ डॉलर. 'सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगनेट' (१९५३) ४५ ची, ४ डॉलर. 'बनाना बोट' (१९५७), तीही ४५ ची, ५ डॉलर. अमेरिकेच्या इतिहासावरची १९६१ ची एलपी १० डॉलर. एलपीचं वेष्टन फाटलेलं, पण तबकडी चकाचक.

७८ ची मात्र मळकट. घरी येऊन मी ती धुतली, आणि इथे पहिला घोटाळा. एलपी पुसायला मी जे स्पिरिट-पाण्याचं मिश्रण वापरतो, तेच फडक्यावर घेऊन फिरवलं. दोन फेऱ्यांत फडकं तपकिरी झालं. मला वाटलं, केवढा मळ निघतोय! मळ नव्हता तो, तबकडीच निघत होती. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. लहानपणी घरी सुतार आला की चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करताना मी तासन् तास बघत बसायचो. एवढं बघून हे डोक्यात येऊ नये?

लाखेला स्पिरिट लावायचं नाही. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, लगेच टिपायचं. दुसरी प्रत १२ डॉलरला मागवली.

१८ जानेवारी

दुसरी प्रत आली. माझ्या प्लेयरला ३३ आणि ४५ एवढेच वेग. ७८ ची तबकडी ४५ वर वाजवून उतरवायची आणि संगणकात वेग वाढवायचा, हा माहीतगारांचा जुना उपाय आहे. अमेरिकन तबकडीचा खरा वेग ७८.२६, म्हणजे ४५ च्या १.७३९ पट. केलं.

आवाज आला तो माठात तोंड घालून बोलल्यासारखा, वर खरखरीचा पाऊस. कारणं दोन निघाली.

एक, सुई. एलपीची सुई टोकाला पाऊण मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, तर ७८ ला लागते ३ मिलची, म्हणजे जवळजवळ चौपट जाड. बारीक सुई रुंद चरीच्या तळाशी जाऊन बसते, आणि सत्तर वर्षांची धूळ तळाशीच असते. नवी सुई ४८ डॉलर. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि त्याला पर्याय नाही.

दोन, क्रम. प्लेयरमधून येणाऱ्या आवाजाला आरआयएएचा आलेख, म्हणजे एलपीसाठी ठरलेली स्वरदुरुस्ती, आधीच लागलेला असतो, मंद्र वर आणि तार खाली. आपण वेग वाढवला की तो आलेखही सरकून भलत्या जागी बसतो. म्हणून आधी तो उलटा लावून काढून टाकायचा, मग वेग वाढवायचा आणि शेवटी योग्य आलेख लावायचा. मी आधी वेग वाढवला आणि नंतर दुरुस्तीच्या मागे लागलो. एक अख्खा रविवार गेला.

एक फुकटचा फायदा: डावी-उजवी बाजू मिसळून मोनो केलं की बरीच खरखर आपोआप जाते. जुन्या मोनो तबकडीत आवाज सुईच्या आडव्या हालचालीत असतो. उभ्या हालचालीत नुसता कचरा, तो दोन्ही बाजू एकत्र आल्या की एकमेकांना मारतो.

२६ जानेवारी

आज स्वच्छ फाइल्स तयार. खरखर काढली, आवाज सगळीकडे एका पातळीवर आणला, आणि निवेदनातले माझे 'अं... अं...' जावेत म्हणून मोकळ्या जागा आपोआप आखूड करणारी सोय चालवली. पूर्ण पट्टीवर. खूष होऊन झोपलो.

२ फेब्रुवारी

आज बायकोला ऐकवलं. 'जॉन अँड मार्शा' म्हणजे रेडिओवरच्या रडक्या कौटुंबिक मालिकांची टिंगल. मागे गोडगोड व्हायोलिनं आणि संवादात दोनच शब्द: तो म्हणतो मार्शा, ती म्हणते जॉन. दोन्ही आवाज फ्रीबर्गचेच. प्रेम, संशय, भांडण, समेट, सगळं या दोन शब्दांत. काही रेडिओ केंद्रांना यात भलतंच काही चाललंय असं वाटलं आणि त्यांनी ती वाजवायला नकार दिला होता.

मला वाटलं होतं, ही हमखास हसणार. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "अहो, हे दोघं एकमेकांची हजेरी घेताहेत का?"

मी म्हटलं, इंग्रजी विनोद, नसेल पोचत. शब्द दोनच आहेत, तेही नावं, हे मात्र लक्षात आलं नाही.

'बनाना बोट' वर तर ती हसलीच नाही. त्यात गायक ओरडून गातो आणि बाँगो वाजवणारा वैतागतो, फार मोठ्यानं कानाशी ओरडतोस म्हणतो. मग गायक बिचारा दार उघडून लांब बोळात पळत जातो, तिथून ओरडतो आणि पळत परत येतो. "पण तो गेला कुठे? इथेच तर ओरडतोय," बायको म्हणाली.

९ फेब्रुवारी

अपमानाची नोंद. वाचनालयात खोलीची वेळ पक्की करायला गेलो आणि सहज काउंटरवर विचारलं, स्टॅन फ्रीबर्गचं काही आहे का? बाईंनी दोन मिनिटांत कपाटातून १९९९ चा संच काढून दिला. चार सीडी. 'जॉन अँड मार्शा', 'सेंट जॉर्ज', 'बनाना बोट', जाहिराती, सगळं मूळ टेपवरून आलेलं, खरखर नावाला. फुकट, तीन आठवड्यांसाठी.

पाच आठवडे आणि तोपर्यंतचे ८६ डॉलर. आधी वाचनालयात विचारा. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून प्लेयरवर चिकटवलं आहे.

घरी आल्यावर निव्वळ चिडून सीडी आणि माझी फाइल शेजारी शेजारी लावल्या. वेग अचूक निघाला, तेवढंच समाधान. पण माझा 'जॉन अँड मार्शा' १९ सेकंदांनी आखूड! वेग बरोबर असताना १९ सेकंद गेले कुठे? मोकळी जागा आखूड करणाऱ्या त्या सोयीनं खाल्ले. ती मला फक्त निवेदनावर चालवायची होती.

मग कान लावून ऐकलं. मार्शाच्या हाकेनंतर जॉन लगेच बोलत नाही. तो थांबतो. त्या थांबण्यात आपल्याला कळतं की याच्या मनात काहीतरी आहे. मग एक श्वास, थरथरता, आत ओढलेला, आणि मग "मार्शा..." माझ्या फाइलमध्ये थांबणं कापलं गेलं होतं आणि श्वास खरखरीबरोबर धुतला गेला होता. मी जे ऐकवलं ती खरोखरच हजेरी होती. बायकोचं बरोबर होतं.

'बनाना बोट'ची तीच कथा. आवाज एका पातळीवर आणणाऱ्या सोयीनं बोळातलं लांबचं ओरडणं उचलून माईकपाशी आणून ठेवलं. सगळा विनोद अंतराचा, आणि अंतरच गेलं. शेवटी दार बंद होऊन गायक बाहेर अडकतो आणि काच फोडून खिडकीतून आत येतो. तो काचेचा आवाजसुद्धा माझ्या फाइलमध्ये चमचा पडल्यासारखा.

दोन्ही मूळ सीडीवरून घेतल्या. एकही सोय चालवली नाही.

१० फेब्रुवारी

नेटवर चढवायचा बेत रद्द. अमेरिकेच्या कायद्यात १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांचे हिशेब वेगळे आहेत. १९४७ ते १९५६ मध्ये निघालेल्या तबकडीला ११० वर्षं संरक्षण, म्हणजे 'जॉन अँड मार्शा' २०६१ संपेपर्यंत. १९५७ पासूनच्या तबकड्यांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत. मी तेव्हा नसेन, माझी ही फाइल उघडणारं यंत्रही बहुधा नसेल. खोलीत बसून ऐकवायचं, निवेदन समोर उभं राहून करायचं. जोडकामावर घातलेल्या चार संध्याकाळी पाण्यात.

१५ फेब्रुवारी

निवेदन लिहिलं. मोजलं तर माझी बडबड ३१ मिनिटं, फ्रीबर्ग १९. बायकोला वाचून दाखवलं. "विनोद सांगताय की त्याचं पोस्टमॉर्टेम करताय?"

'सेंट जॉर्ज' साठी मी पोलिसी मालिका ड्रॅगनेटची पाच मिनिटं माहिती लिहिली होती: ती रेडिओवर कधी आली, टीव्हीवर कधी गेली, जॅक वेब कोण. सगळं उडवलं. ठेवलं एवढंच: "पंचनामा वाचणाऱ्या हवालदाराचा आवाज आठवा. तो आवाज घेऊन हा परीकथेतल्या राक्षसी ड्रॅगनला पकडायला निघालाय." पुढचं तबकडीच सांगते. ड्रॅगनवर आरोप काय, तर हंगाम नसताना कुमारिका खाल्ल्या. तो कांगावा करतो तेव्हा दुसरं कलम लावतात, अति अभिनयाचं. संगीत खोटं वाटू नये म्हणून मूळ मालिकेचा संगीतकार वॉल्टर शूमनच वाद्यवृंदासकट घेतला होता. हे वाक्य ठेवलं, कारण टिंगल करायची तर सामान अस्सल पाहिजे ही या माणसाची सवय त्यातून कळते. तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, दहा लाखांवर खपली.

१९६१ ची एलपी पूर्ण वगळली. मला स्वतःला ती सगळ्यात जास्त आवडते, बिली मेचं संगीत तर बहारीचं. पण तिच्यात पावला पावलाला इंग्रजी शब्दांच्या कोट्या आणि शाळेत शिकवला जाणारा अमेरिकन इतिहास. आमच्यापैकी कुणी इथल्या शाळेत गेलेलं नाही. दुसरा भाग १९९६ मध्ये, पस्तीस वर्षांनी आला. एवढी वाट बघायला लावणारा माणूस आमच्यासाठी पन्नास मिनिटांत घाई का करेल?

निवेदन १४ मिनिटांवर आणलं. कापताना दुखलं.

१६ फेब्रुवारी

जाहिरातींचा भाग. याच्या कंपनीचं बोधवाक्य लॅटिनमध्ये, अर्थ: पैशासाठी कला. मालाची स्तुती करायची नाही, मालाच्या अडचणीवरच बोट ठेवायचं, ही त्याची रीत. सुकवलेल्या प्लमच्या जाहिरातीत एक आढ्यतेखोर इंग्रज गृहस्थ तक्रार करतो की यात बिया असतात. बिया काढल्या म्हणून सांगितलं तर म्हणतो, सुरकुत्या आहेतच की! जाहिरात संपते ती आज बिया काढल्या, उद्या सुरकुत्या काढू या आश्वासनावर. सुरकुत्यांवरचा विनोद आमच्या गटात चालेल का, या शंकेनं अर्धा तास घालवला. ठेवला.

१९६७ ची पॅसिफिक एअर लाइन्सची मोहीमही घेतली. विमान कंपनीच्या जाहिरातीत तो उघड विचारतो, तळहाताला घाम फुटलाय ना? विमानाची भीती वाटते हे कुणी बोलत नव्हतं, हा थेट बोलला. पुढच्याच वर्षी कंपनी आणखी दोघींत विलीन झाली. आता जाहिरातीमुळे झाली की असलेल्या अडचणींमुळे, त्यावर मी निवेदनात बोलत नाही.

चुन किंगच्या चायनीज खाण्याच्या जाहिरातींवर अडलो. किस्सा फक्कड आहे: पैज हरल्यामुळे कंपनीचा मालक जेनो पॉलुची यानं फ्रीबर्गला रिक्षात बसवून ला सिएनेगा बुलेव्हार्डवरून स्वतः ओढत नेलं. तो रस्ता आमच्या गटातल्या निम्म्यांच्या रोजच्या वाटेवर. पण चिनी माणसाच्या नावानं केलेल्या त्या काळच्या गमती आज मला टोचतात. आपल्या उच्चारांची नक्कल इथे आपण पुरेशी ऐकली आहे. किस्सा सांगायचा, जाहिरात वाजवायची नाही.

२२ फेब्रुवारी

तालीम, आमच्या दिवाणखान्यात. काका, दोन मावशा, बायको.

'एल्डरली मॅन रिव्हर' खूपच चाललं. १९५७ च्या सीबीएस कार्यक्रमातला हा तुकडा. विनोदवीर जॅक बेनीच्या जागी आलेला तो कार्यक्रम पंधरा भागांत संपला. सिगारेट कंपन्यांचे पैसे घ्यायला फ्रीबर्ग तयार नव्हता. तुकड्यात तो एक प्रसिद्ध गाणं म्हणायला उभा राहतो आणि शेजारी बसलेला सभ्यतेचा रखवालदार दर ओळीला भोंगा वाजवतो. म्हातारा म्हणू नका, वयस्कर म्हणा. व्याकरण सुधारा. घाम हा शब्द नको. गाण्याचं पार लोणचं होतं. थोरल्या मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "माझी नात माझं इंग्रजी अश्शीच टोकते! भोंगा तेवढा नाही."

धाकट्या मावशींना टेकाडे भावजी आठवले. पुढची वीस मिनिटं लहानपणच्या आकाशवाणीवर गेली, तालीम तिथेच संपली. मला राग आला होता, आता नाही.

'ग्रीन ख्रिसमस' (१९५८) मात्र पडलं. सणाचा बाजार मांडणाऱ्या जाहिरातवाल्यांवरची ती झोड, शेवटी जिंगल बेल्सच्या चालीत गल्ल्याची घंटा. पूर्ण वाजवलं तर लांबतं. शेवटचे चाळीस सेकंदच ठेवले: गाण्याच्या घंटा कुठे संपतात आणि गल्ल्याच्या कुठे सुरू होतात, एवढंच ऐका म्हणायचं.

८ मार्च

झालं. सव्वीस लोक आले. ३ डॉलरचे कागद आणि पेन्सिली, एकूण खर्च ८९.

'जॉन अँड मार्शा'नं सुरुवात, आधी एक शब्दही न बोलता. पहिल्या लांब थांब्याला काका उठले आणि स्पीकरची वायर हलवून बघायला लागले. तेवढ्यात जॉननं तो श्वास घेतला. काका वायर हातात धरून तसेच उभे. तिथून लोक जे हसायला लागले ते शेवटापर्यंत. हे मी लिहून बसवलं असतं तर जमलं नसतं.

शेवटी रेडिओची स्वतःचीच जाहिरात. साठच्या दशकात, टीव्हीपुढे रेडिओ मागे पडलेला असताना, फ्रीबर्गनं ही केली. एक माणूस हुकूम सोडतो: मिशिगन सरोवर उपसून त्यात गरम चॉकलेट भरलंय, आता सातशे फुटांचा फेटलेल्या सायीचा डोंगर त्यात ढकला. मग कॅनडाचं हवाई दल दहा टनांची चेरी ओढत आणतं आणि वरून सोडतं, पंचवीस हजार लोक जल्लोष करतात. सगळे आवाज ऐकू येतात, घरंगळणं, विमानं, धप्प. आणि मग तो विचारतो, हे टीव्हीवर करून दाखवता? टीव्हीपण कल्पनाशक्ती ताणतोच की, असं समोरचा म्हणतो, तर उत्तर येतं: हो, एकवीस इंचांपर्यंत.

मी कागद वाटले आणि काय दिसलं ते काढा म्हटलं. चित्रकला कुणालाच येत नाही. सव्वीस कागदांत पंचवीस चेऱ्या. एकाची डोंगराएवढी, एकीची देठासकट, काकांच्या चेरीला तर चॉकलेटात बुडबुडे. थोरल्या मावशींच्या कागदावर चेरी नव्हतीच. फक्त विमान आणि खाली लोंबणारा दोर.

"मावशी, चेरी कुठाय?"

"अरे, सोडली ना त्यांनी आत्ताच."

९ मार्च

सीडींचा संच परत केला, मुदत उलटून एक आठवडा झाला होता. काउंटरच्या बाईंनी काही म्हटलं नाही. स्पिरिटनं धुतलेली पहिली तबकडी अजून कपाटात आहे. नव्या सुईवर तिची मागची बाजू वाजते का ते पाहायचं राहिलंय.